तेलिचेरीचा केक आणि फ्रेंच ब्रँडी

राजांच्या लढायांचा व तहांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे चाल आहे. पक्वान्नांचा इतिहास लिहिण्याची नाहीं. पदार्थ पानांत पडला कीं खावा, आवडल्यास पुन्हां मागून घ्यावा आणि हात धुवावे, एवढाच आपला त्याच्याशीं संबंध. परंतु ज्या पदार्थासाठीं चार खंडांचा माल एका भांड्यांत एकत्र येतो, त्याची बारकाईनें चौकशी केल्यास दरबारी कागदांत न सांपडणाऱ्या पुष्कळ गोष्टी हातीं लागतात. नाताळच्या दिवसांत मिळणारा, मनुका, बेदाणे, खजूर आणि साखरेंत मुरविलेल्या संत्र्याच्या साली यांनीं भरलेला, ब्रँडीच्या वासाचा तो काळसर केक अशाच पदार्थांपैकीं एक आहे.

आमच्या लहानपणीं शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून दर नाताळांत रुमालानें झांकलेलें एक ताट येई. आई तें आदरानें घेई, आणि रिकामें ताट परत करूं नये म्हणून त्यांत तिळाचे लाडू घालून पाठवी. आजी मात्र त्या ताटास शिवत नसे. "त्यांत अंडें आहे आणि दारूहि आहे," एवढें म्हणून ती जपास बसे. आम्हां मुलांस त्या दारूचें भय वाटे आणि मोहहि वाटे. गोड पदार्थांत दारू घालण्याचें कारण तरी काय, आणि ती काढून दुसरें कांहीं घातलें तर पदार्थ तोच राहील काय, असा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत होता. त्याचें उत्तर पुढें आम्हांस विलायतेच्या इतिहासापेक्षां मलबारांतील एका भट्टीच्या हकीकतींत अधिक चांगलें सांपडलें. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे. तथापि आधीं विलायतेंत जाऊन आलें पाहिजे.

या केकास इंग्रजींत 'प्लम केक' म्हणतात, आणि मौज अशी कीं, प्लम नांवाचें फळ त्यांत बहुधा नसतेंच. जुन्या इंग्रजींत सुकविलेल्या द्राक्षांनाहि हाच शब्द लावीत. शब्दाचा तो अर्थ मागें पडला, केकाचें नांव तेवढें राहिलें. या केकाची सामग्री पाहिली तर इंग्लंडच्या व्यापाराचा नकाशाच डोळ्यांपुढें उभा राहतो. मनुका भूमध्यसमुद्राच्या कांठच्या. बारीक काळ्या बेदाण्यांना 'करंट' हें नांव पडलें तें ग्रीस देशांतील कॉरिंथ शहरावरून. जायफळ व जायपत्री मोलुक्का बेटांतील, साखर वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मळ्यांतील, आणि ब्रँडी फ्रान्सांतील. इंग्रज गृहिणीच्या घरचें असें त्यांत पीठ, लोणी आणि अंडीं यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें.

१७६९ सालीं एलिझाबेथ रॅफल्ड या बाईनें पाकशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. ही बाई प्रथम चेशायर परगण्यांतील आर्ली हॉल या वाड्यांत कारभारीण होती. पुढें मँचेस्टर शहरांत तिनें स्वतःचें मिठाईचें दुकान घातलें. तिच्या पुस्तकांत लग्नाच्या केकाची जी कृति आहे, तिचें प्रमाण पाहून आजच्या गृहिणीस घाम फुटेल. चार पौंड पीठ, तितकेंच लोणी, दोन पौंड साखर, दर पौंड पिठास आठ याप्रमाणें बत्तीस अंडीं, चार पौंड करंट, एक पौंड बदाम, शिवाय मुरविलेल्या साली, आणि अर्धा पाइंट ब्रँडी. लोणी हातानें फेसावयाचें, अंड्यांतील पांढरें व पिवळें वेगवेगळें करून घोटावयाचें, आणि पिवळें तर अर्धा तास घोटावयाचें. बेकिंग पावडर तेव्हां निघालेली नव्हती; केक फुगे तो करणारीच्या दंडाच्या बळावर. ब्रँडी अगदीं शेवटीं, भट्टी तयार झाल्यावर, मिश्रणांत पडे.

असा केक पूर्वीं नाताळापेक्षां ६ जानेवारीच्या सणाला, म्हणजे नाताळापासूनच्या बारा दिवसांच्या समाप्तीस, करीत. त्या सणाचा थाट एकोणिसाव्या शतकांत ओसरला आणि केक पुढें सरकून नाताळच्या मेजावर येऊन बसला.

आतां ब्रँडीचें काम काय तें पाहूं. 'ब्रँडी' हा शब्द मूळ डच भाषेंतला असून त्याचा अर्थ 'जाळलेली द्राक्षाची दारू' असा होतो. जाळलेली म्हणजे विस्तवावर ठेवून वाफेच्या द्वारें गाळलेली. अशा गाळलेल्या दारूंत मद्यार्क अधिक असतो, आणि केकाला त्याचे दोन उपयोग होतात. लवंग, दालचिनी व संत्र्याची साल यांतील सुगंधी तेलें पाण्यांत नीट मिसळत नाहींत, मद्यार्कांत मात्र सहज विरघळतात. त्यामुळें दारूंत भिजलेल्या मनुकेच्या पोटांत मसाल्याचा वास शिरून बसतो. दुसरा उपयोग टिकाऊपणाचा. साखर आणि मद्यार्क या दोघांच्या पहाऱ्यांत बुरशीस थारा मिळत नाहीं. म्हणून केक भाजून निघाल्यावरहि त्यावर थोडी थोडी ब्रँडी शिंपडून, तो कापडांत गुंडाळून कित्येक आठवडे मुरत ठेवण्याची चाल पडली. आपल्याकडील लोणच्यास जें तेल, तेंच या केकास ब्रँडी, असें म्हटलें तरी चालेल. भट्टीच्या आंचेनें मद्यार्काचा बराच भाग उडून जातो, सगळा मात्र जात नाहीं. तेव्हां आमच्या आजीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, हें आम्हांस येथें कबूल केलें पाहिजे.

असा टिकाऊ पदार्थ जहाजावरून दूर देशीं न जाता तरच नवल. इंग्रज जेथें जेथें गेला तेथें तेथें त्याचा केकहि गेला. म्हणूनच 'हिंदुस्थानांतला पहिला केक अमुक गांवीं झाला' अशीं जीं विधानें नाताळच्या सुमारास वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतात, तीं जपून घ्यावीं. पोर्तुगीज गोव्यांत १५१० पासून होते. कलकत्त्यास डेव्हिड विल्सन या इंग्रजाची पावभट्टी व हॉटेल १८४० च्या सुमारास प्रसिद्धीस आलें होतें. या सर्वांच्या भट्ट्यांतून केक निघालाच नसेल असें कोण म्हणेल? परंतु एखाद्या हिंदी माणसानें स्वतःच्या भट्टींत, स्वतःच्या अकलेनें नाताळचा केक केल्याची जी सर्वांत गाजलेली हकीकत आहे, ती तेलिचेरीची आहे. आणि ती पहिली असो वा नसो, तिचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं.

मलबार किनाऱ्यावरील तेलिचेरी, मल्याळी लोकांची तलश्शेरी, हें गांव मराठी वाचकांस अगदींच परकें नाहीं. विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० सालीं काढलेली सर्कस त्याच दशकांत फिरत फिरत या गांवीं गेली. तिचे खेळ पाहून कीलेरी कुन्हिकण्णन् या कसरतीच्या शिक्षकानें ती विद्या आपल्या शिष्यांस शिकविण्याचें मनावर घेतलें, आणि पुढें सर्कशींतील नामांकित कसरतपटू त्याच गांवांतून निघूं लागले. गांव मूळचें व्यापारी. मिऱ्यांच्या खरेदीसाठीं इंग्रजांनीं तेथें वखार घातली, १७०८ सालीं किल्ला बांधला. दक्षिणेस थोड्याच अंतरावर माहे हें फ्रेंचांचें ठाणें होतें, आणि तें १९५४ पर्यंत त्यांच्याच हातीं राहिलें. एका बाजूस इंग्रजी छावणी, दुसऱ्या बाजूस फ्रेंच दारूचें बंदर, पाठीमागें मसाल्याचे डोंगर, असा त्या गांवाचा थाट होता.

या गांवीं मंबल्ली बापू नांवाच्या मलबारी हिंदु गृहस्थानें ब्रह्मदेशांतून परत येऊन १८८० सालीं 'रॉयल बिस्किट फॅक्टरी' या नांवाची भट्टी घातली. बिस्किटांची विद्या ते ब्रह्मदेशांतच शिकले होते. पाव फुगविण्यासाठीं लागणारें विलायती किण्व तेव्हां मलबारांत सहज मिळत नसे. त्याऐवजीं ते ताडी वापरीत. गोव्याचे पोदेरहि पिढ्यान्‌पिढ्या सुरेनेंच पाव फुगवीत आलेले आहेत. ही ताडीची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मंबल्ली कुटुंबांत चालत आलेली हकीकत अशी कीं, १८८३ च्या नाताळापूर्वीं अंजरकंडी येथील दालचिनीच्या मळ्याचे मालक मर्डक ब्राउन हे विलायतेहून आलेला एक केक घेऊन भट्टीवर आले. असाच केक मला करून द्या, असें म्हणून त्यांनीं कृति थोडक्यांत समजावून दिली, कांहीं सामान दिलें, आणि ब्रँडी मात्र माहेहून फ्रेंचच आणा असें सुचविलें. बापूंनीं धर्मडम् येथील लोहाराकडून सांचा करून घेतला, मसाला मलबारच्या वाड्यांतला घेतला, आणि ब्रँडीच्या बाबतींत साहेबांचें ऐकलें नाहीं. काजूचीं बोंडें आणि कदली जातीचीं केळीं यांपासून केलेली गांवची दारू त्यांनीं केकांत घातली. साहेबांनीं केक चाखला, आपण खाल्लेल्या उत्तम केकांत त्याची गणना केली, आणि आणखी एक डझन केकांची मागणी नोंदविली.

हकीकत येथें संपते, आणि सांगणारे लोक बहुधा साहेबांच्या शिफारशीवरच थांबतात. आम्हांस तो शेवट पुरेसा वाटत नाहीं. साहेबांची पसंती हा जणूं निकाल आणि बापूंचें कौशल्य ही जणूं परीक्षा, असें समजण्याची संवय आपल्याला राज्य गेल्यावरहि सुटलेली नाहीं. म्हणून या हकीकतींतील दोन गोष्टी, एक साहेबांच्या बाजूची व एक बापूंच्या बाजूची, अधिक निरखून पाहिल्या पाहिजेत.

साहेबांची बाजू म्हणजे अंजरकंडीचा मळा. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीनें मसाल्याच्या झाडांसाठीं तो घातला, त्याची व्यवस्था मर्डक ब्राउन या व्यापाऱ्याकडे दिली, आणि पुढें तो त्याच्याच ताब्यांत गेला. हा मूळ ब्राउन १८८३ च्या पुष्कळच आधीं वारला होता. बापूंकडे आलेला ब्राउन हा त्या नांवाचा पुढच्या पिढीचा धनी समजला पाहिजे. मूळ ब्राउनच्या कारकीर्दींत, १८११ च्या सुमारास, उत्तर मलबारचा मॅजिस्ट्रेट थॉमस हर्वे बेबर यानें एक भयंकर प्रकार उजेडांत आणला. त्रावणकोर प्रांतांतून माणसें, आणि त्यांत लहान मुलेंहि, पळवून आणून या मळ्यावर कामासाठीं गुलाम म्हणून विकलीं जात होतीं. एका इंग्रज अधिकाऱ्यानें दुसऱ्या गोऱ्या धन्याविरुद्ध हें प्रकरण चालविलें, ही गोष्ट बेबरच्या लौकिकास शोभणारी आहे; परंतु गुलामगिरीचा कायदेशीर आधार हिंदुस्थानांत काढून घेतला गेला तो १८४३ सालीं. ज्या मळ्याच्या उत्पन्नावर साहेबांच्या नाताळची मेजवानी उभी होती, त्याच्या मुळाशीं हें सर्व पुरलेलें आहे. रॅफल्डबाईच्या केकांत साखर गुलामांच्या हातची. आणि तेलिचेरीचा केक मागावयास आलेल्या धन्याच्या मळ्याचाहि पाया तसाच. केक गोड असतो म्हणून त्याचा इतिहास गोड असतोच असें नाहीं.

आतां बापूंची बाजू. फ्रेंच ब्रँडी हाकेच्या अंतरावर असतां त्यांनीं गांवची दारू कां घेतली? पैसे वांचविण्यासाठीं घेतली असें म्हणणें सोपें आहे. पण ज्याला नवें गिऱ्हाईक जोडावयाचें आहे तो भट्टीवाला पहिल्याच मागणीवर केवळ दोन पैशांकरितां धोका पत्करील, हें आम्हांस पटत नाहीं. त्यांच्या धंद्याकडे पाहिलें म्हणजे उलगडा होतो. ज्याच्या भट्टींतला पाव रोज ताडीवर फुगतो, त्याला कोणत्या रसाला कसा आंब येतो, कोणता वास भाजल्यावर टिकतो आणि कोणता उडून जातो, हें बाटलीवरील चिठ्ठी वाचून शिकावें लागत नाहीं. ब्रँडी केकांत काय काम करते हें एकदां समजल्यावर तें काम दुसरें कोण करील, हें ओळखणें त्याच्या हातचें होतें.

काजूच्या बोंडांचा हंगाम उन्हाळ्यांतला. नाताळांत ताजें बोंड मिळत नाहीं, आणि त्याचा नुसता आंबविलेला रस इतके महिने चांगला राहत नाहीं. तेव्हां बापूंनीं वापरलेल्या दारूंतला काजूचा अंश हंगामांत गाळून साठविलेल्या अर्काचाच असला पाहिजे. आतां फळाचा रस आंबवून, विस्तवावर ठेवून, त्याची वाफ गाळून जें मिळतें त्यालाच व्यापक अर्थानें ब्रँडी म्हणतात. द्राक्षांची ती फ्रान्सांतील कोन्याकची, सफरचंदांची ती नॉर्मंडींतील काल्वादोस. मग काजूच्या बोंडांची व केळ्यांची ती मलबारची, एवढाच फरक. म्हणजे बापूंनीं ब्रँडी टाळली असें म्हणणेंहि बरोबर नाहीं. साहेबांनीं ब्रँडीचें गांव सांगितलें होतें. बापूंनीं तिचा गुण ओळखला आणि तो आपल्या गांवांत शोधून काढला.

आणि हें 'आपलें' तरी किती आपलें? काजूचें झाड मूळचें ब्राझील देशांतलें. पोर्तुगीजांनीं तें सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यावर आणलें. क्रिस्तोव्हाँव द कोस्ता या वैद्यानें १५७८ सालीं छापलेल्या ग्रंथांत कोचीनच्या बागांतील काजूचा उल्लेख केला आहे. मल्याळींत काजूच्या झाडास 'परंगी माव' म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचा आंबा. आपला 'काजू' हा शब्दहि पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला, आणि त्यांनीं तो ब्राझीलच्या मूळ रहिवाशांकडून घेतलेला. गोव्यानें त्याच बोंडांपासून उर्राक आणि फेणी सिद्ध केली. वेंगुर्ले-मालवणकडील लोकांस तो बोंडांचा उग्र वास सांगावयास नको. उलट कदली केळें हें केरळांतील देवळांत नैवेद्यासाठीं विशेष मानलें जातें. फिरंग्यांच्या झाडाचें बोंड आणि देवाच्या नैवेद्याचें केळें यांनीं मिळून फ्रेंच ब्रँडीची जागा घेतली, आणि त्या केकाचा भोक्ता होता एक इंग्रज मळेवाला. देशी आणि परदेशी अशी रेघ या पदार्थांत कोठें ओढावी, हें आम्हांस तरी सांगतां येत नाहीं.

याच सुमारास आपल्या महाराष्ट्रांत काय चाललें होतें तेंहि येथें आठवावें. तेलिचेरीच्या केकानंतर सातच वर्षांनीं, १८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका सभेनंतर जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, टिळकहि होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातीं धरून ठेवला. गोपाळराव जोशी यांनीं त्या मंडळींचीं नांवें 'पुणेंवैभव' पत्रांतून प्रसिद्ध करविलीं, आणि गांवांत ग्रामण्य उभें राहिलें. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला; घरोघर कटकटी झाल्या, प्रायश्चित्तें झालीं. देशाच्या राजकारणाचीं सूत्रें ज्यांच्या हातीं होतीं त्या माणसांना एका बिस्किटाचा जबाब द्यावा लागला. आज त्या प्रकरणाची थट्टा करणें सोपें आहे. पण ज्या स्त्रियांना त्या काळीं माहेरसासरच्या पंक्तीला मुकण्याची पाळी आली, त्यांना तें थट्टेचें वाटलें नसेल. आणि तिकडे मलबारांत एक हिंदु गृहस्थ बिस्किटांच्याच धंद्यावर आपलें घर उभें करीत होता. एकाच देशांत, एकाच दशकांत, तोच पिठाचा तुकडा एका ठिकाणीं बहिष्काराचें कारण होतो आणि दुसऱ्या ठिकाणीं उपजीविकेचें साधन होतो, हें पाहिलें म्हणजे अन्नाचा इतिहास क्षुल्लक आहे असें म्हणण्याचें धाडस होत नाहीं.

बापूंच्या वंशजांच्या भट्ट्या पुढें केरळांत ठिकठिकाणीं निघाल्या, आणि जळलेल्या साखरेच्या काळ्या पाकानें रंगलेला तो केक आज तेथें सर्व धर्मांचे लोक नाताळांत खातात. आमच्याकडील मराठी घरांतूनहि आतां केक होतो. मनुका ब्रँडीऐवजीं संत्र्याच्या रसांत भिजत घालतात, अंड्याऐवजीं दहीं घालतात. तो केक तोच कीं दुसरा, हा लहानपणचा प्रश्न आम्ही आतां थोड्या निराळ्या तऱ्हेनें सोडवितों. संत्र्याचा रस मनुकेला फुगवितो व वासहि देतो. टिकविण्याचें काम मात्र त्याच्यानें होत नाहीं. तो केक चार दिवसांत संपवावा, महिनाभर मुरत ठेवूं नये. बदल करणाऱ्यानें जुन्या वस्तूचें कोणतें काम राखलें आणि कोणतें सोडलें, हें त्याला ठाऊक असलें म्हणजे झालें. बापूंना तें ठाऊक होतें; त्यांच्या धीटपणाचें मर्म तेवढेंच आहे.

आमच्या आजीनें जन्मांत केक खाल्ला नाहीं, आणि तिनें तो खावयास हवा होता असेंहि आम्हांस वाटत नाहीं. पण तिच्या अखेरच्या वर्षांतील एक नाताळ आठवतो. शेजारचें ताट आलें, आई लाडू आणण्यास आंत गेली, आणि आजी माळ हातांत तशीच धरून ताटाजवळ येऊन उभी राहिली. तिनें रुमालाचें टोंक दोन बोटांनीं उचललें, वांकून वास घेतला, आणि टोंक पुन्हां नीट घालून म्हणाली, "जायफळ चांगलें पडलें आहे हो." मग ती परत जपास बसली.